घडणावळ

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या सोने पारखण्यात गेल्या. आजोबांचे आणि वडिलांचे कोल्हापूरच्या गुजरीत लहानसे दुकान होते. मी दुकान सोडून बँकेत चिकटलो खरा, पण तिथेही सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसून लोकांच्या पाटल्या-बांगड्यांचा कस लावण्यातच माझी पस्तीस वर्षे सरली. त्यामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. दागिना कोणी घडवला, कोणाच्या लग्नात आला, कोणाच्या गळ्यात शोभला, ही सारी हौस. तराजूत बसते ते फक्त सोने. दुकानात मोड घेऊन आलेल्या बाईला वडील शांतपणे सांगत, "ताई, सोन्याचे पैसे मिळतील. घडणावळ गेली." हेच वाक्य पुढे मीही अनेक बायकांना ऐकवले. त्यांतली एक आमच्या घरातलीच होती. पण तिची हकीकत शेवटी सांगेन.

हे सगळे आठवायला कारण झाली ती एक मोटारगाडी.

आमचे चिरंजीव अमेरिकेत सेंट लुईस शहराच्या एका उपनगरात राहतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो. एके दिवशी रात्रीची जेवणे झाल्यावर त्यांनी टेबलावर एक छायाचित्र ठेवले आणि म्हणाले, "बाबा, ही घ्यायची म्हणतोय."

गाडी चंदेरी रंगाची, बसकी, दोन माणसांपुरती होती. पुढे दिव्यांचा पत्ता नव्हता. दिवे आत वळवून झाकलेले असतात आणि कळ दाबली की विजेच्या मोटारीने बाहेर फिरतात, असे कळले. पाठीमागे छपरापासून शेपटीकडे निमुळता होत जाणारा आकार होता आणि मागची काच मधोमध एका पट्टीने दुभंगलेली होती. आमच्या सौभाग्यवती मालवणच्या. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि एका शब्दात निकाल दिला, "हा तर पाकट मासा!"

चिरंजीव चकित झाले. गाडीचे नावच 'स्टिंग रे', म्हणजे पाकट. शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे, साल १९६३.

"केवढ्याला?" मी विचारले. चांगल्या अवस्थेतली असली तर एक लाख डॉलरच्या पुढे सहज जाते, असे उत्तर आले. माझा घास उतरलेला होता म्हणून बरे. दहा-बारा वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम मुलगा साठ वर्षांच्या जुन्या गाडीत घालायला निघाला होता. बरे, गाडीचे अंग पत्र्याचेही नाही. फायबरग्लासचे, म्हणजे काचेचे धागे राळेत बसवून केलेले. पत्र्याची असती तर भंगारात चार पैसे तरी आले असते. माझ्या हिशेबाने ही गाडी म्हणजे निव्वळ घडणावळ होती; सोने शून्य.

"मग तुम्हीच या पारखायला," चिरंजीव म्हणाले. मुलगे मोठे झाले की बापाला असे अडकवतात.

तेव्हापासून महिनाभर मी त्या गाडीचा अभ्यास केला. बँकेत अनोळखी दागिना पुढे आला की तो कोणत्या पेठेतला, कोणत्या घडणीचा हे आधी बघावे लागे, तसेच हे. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात पहिली कॉर्व्हेट लोकांनी पाहिली. त्या वर्षी फ्लिंट गावात फक्त ३०० गाड्या झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून तांबड्या. दिसायला देखण्या, पण सहा सिलिंडरांचे इंजिन आणि दोनच गतींचा आपोआप बदलणारा गिअर. धावण्याची हौस असलेल्यांनी नाके मुरडली. दुसऱ्या वर्षी काम सेंट लुईसला आले, ३,६४० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या कितीतरी पडून राहिल्या. १९५५ साली कारखान्याने ७०० च काढल्या. घर बुडणार अशी वेळ आली होती, पण त्याच साली आठ सिलिंडरांचे इंजिन बसले आणि कॉर्व्हेट तगली. पुढे १९८१ पर्यंत ती याच शहरात जन्माला येत होती. म्हणजे आम्ही तिच्या माहेरीच उतरलो होतो म्हणायचे.

१९६३ ची गंमत त्या दुभंगलेल्या काचेत आहे. कंपनीच्या आकृतिविभागाचे प्रमुख बिल मिचेल यांना छपरापासून शेपटीपर्यंत सलग धावणारा कणा हवा होता, आणि तो मागच्या काचेच्या मधून गेल्याशिवाय सलग होईना. इंजिनियर झोरा आर्कस-डन्टोव्ह यांचे म्हणणे सरळ होते : आरशात बघितले की नेमकी ती पट्टी दिसते, मागची गाडी दिसत नाही. एका वर्षापुरता मिचेल यांचा हट्ट चालला. १९६४ साली पट्टी गेली आणि अखंड काच आली. त्यामुळे बंद छपराची, दुभंगलेल्या काचेची गाडी एकाच सालात मिळते; ती एकूण १०,५९४ बनली.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. १९६४ सालच्या अखंड काचेच्या कूपे गाड्या बनल्या ८,३०४. म्हणजे संख्येने त्या अधिक दुर्मिळ! मग भाव त्यांचा जास्त हवा. पण बाजारात १९६३ ची गाडी १९६४ च्या गाडीला पुष्कळ मागे टाकते. मी चिरंजीवांना म्हटले, "तुझ्या लोकांना वजाबाकी येत नाही."

ते हसले. "बाबा, नुसतं कमी असून भागत नाही. कमी असून लोकांना हवं असावं लागतं."

आणि हवेसे होण्याचीही तऱ्हा पाहा. १९६७ साली कंपनीने 'एल ८८' नावाचे शर्यतीचे इंजिन यादीत ठेवले. ते घेतले की गाडीला रेडिओ नाही, थंडीत ऊब देणारे यंत्र नाही, आणि पेट्रोल लागणार शर्यतीच्या दर्जाचे. वरून कागदावर त्याची ताकद मुद्दाम कमी, ४३० अश्वशक्ती लिहिली. खालच्या पायरीच्या इंजिनापुढे ४३५ लिहिलेले! हेतू हा की हौशागवशांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. गेलेही नाहीत. त्या वर्षी अशा २० च गाड्या खपल्या. त्यांतली एक २०१४ च्या जानेवारीत लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. ज्या वस्तूकडे शहाण्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, तीच पुढे दुर्मिळ झाली. आमच्या गुजरीत असा व्यवहार सांगितला असता तर लोकांनी डोक्याला तेल थापायला सांगितले असते.

शेवटी एका शनिवारी आम्ही दोनशे मैलांवरच्या एका व्यापाऱ्याकडे गाडी बघायला निघालो. बरोबर एक परीक्षक घेतला. अमेरिकेत अशी माणसे असतात. फी घेतात आणि गाडीची नाडी बघून सांगतात. मी माझ्या सवयीने खिशात लोहचुंबक टाकला होता. पत्र्याच्या गाडीवर जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आत लांबी भरली आहे असे समजावे, एवढे ज्ञान मी मिळवले होते. परीक्षकाने चुंबक पाहिला आणि मोठ्याने हसला. ही गाडी फायबरग्लासची, हिला चुंबक कुठेच चिकटायचा नाही! पहिल्याच डावात आमचा गुजरीचा झेंडा खाली आला.

गाडी मात्र अशी चकाकत होती की तोंड बघून भांग पाडावा. व्यापाऱ्याचे म्हणणे, हिचे इंजिन पेट्रोल फवारून देणाऱ्या यंत्राचे, ३६० अश्वशक्तीचे, आणि कारखान्यातून आले तेच. त्या साली २१,५१३ गाड्यांपैकी तसल्या इंजिनाच्या २,६१० च होत्या. तेव्हा किंमतही त्या मानाने चढी.

परीक्षकाला चकाकीचे कौतुक नव्हते. तो म्हणाला, "कारखान्यातून निघाली तेव्हा ही इतकी गुळगुळीत नव्हती." या गाड्यांच्या जीर्णोद्धाराला वाहून घेतलेली एक संस्था १९७४ पासून आहे. तिच्या परीक्षेत ४,५०० गुण असतात आणि शेकडा ९४ मिळाले तर सर्वोच्च श्रेणी. पण तिथे गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी लागते. रंगाचा जरासा खडबडीतपणासुद्धा मूळचा असेल तसाच हवा. नव्याहून नवी केली तर गुण कापतात! घासूनपुसून आणलेल्या दागिन्याला मी तरी कधी एक पैसा जास्त दिला होता? हा माणूस मला आवडू लागला.

मग तो मोटारीची कुंडली मांडायला बसला. हातमोजे ठेवायच्या कप्प्याखाली एका आडव्या पट्टीवर क्रमांकाचा पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. पहिला आकडा ३ म्हणजे साल १९६३. पुढे ०८३७ म्हणजे बंद छपराची. एस म्हणजे सेंट लुईस. आणि शेवटी गाडीचा अनुक्रमांक. तोच अनुक्रमांक इंजिनाच्या पुढच्या भागात, उजव्या बाजूला, एका सपाट जागेवर ठसवलेला असतो. त्याच्या शेजारी इंजिन कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या तारखेला जुळवले आणि ते कोणत्या जातीचे याची खूण. दोन्हीकडचे क्रमांक जुळले म्हणजे गाडीचे आणि इंजिनाचे लग्न कारखान्यातच लागले. इथे सगळे आकडे जुळत होते. चिरंजीवांचा चेहरा उजळला.

परीक्षकाने भिंग काढले. त्या सपाट जागेवर कारखान्यातल्या कातणीच्या बारीक समांतर रेघा असायला हव्यात. इथे जागा आरशासारखी साफ होती. "कुणीतरी घासली असावी," तो पुटपुटला. व्यापारी म्हणाला, दुरुस्तीत तसे होते.

होतही असेल. पण मला एक शंका आली. इंजिनाचा ठोकळा ओततानाच त्यावर ओतकामाची तारीख उमटते. महिन्याला एक अक्षर, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असे, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ती तारीख ठोकळ्याच्या मागच्या कडेला, हात पोचणार नाही अशा जागी असते. मी परीक्षकाला म्हटले, "तेवढी वाचता येईल का?" त्याने काठीला लावलेला छोटा आरसा आणि विजेरी आत घातली. आरशात उलटी दिसणारी अक्षरे त्याने दोनदा वाचली आणि कागदावर लिहिली : डी, १७, ३. म्हणजे १७ एप्रिल १९६३.

कोणत्या महिन्यात कोणत्या अनुक्रमांकापर्यंत गाड्या बाहेर पडल्या, याचे तक्ते या नादी लोकांनी तयार केलेले आहेत. परीक्षकाने तक्ता उघडला. आमची गाडी डिसेंबर १९६२ मधली होती.

मी चिरंजीवांना मराठीत म्हटले, "मुलाची मुंज डिसेंबरात झाली आणि जन्म एप्रिलात. चला घरी."

इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही. साठ वर्षांत कोणाचे काय काय बदलत नाही! पण दुसरे इंजिन आणून, त्याची खूण घासून, त्यावर जुन्याचा क्रमांक ठोकणे म्हणजे पितळेवर बावीस कॅरटचा शिक्का मारणे. व्यापाऱ्याने आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचे सांगितले. आम्ही त्याला नमस्कार केला. परतीच्या दोनशे मैलांत चिरंजीव चार वाक्यांपेक्षा जास्त बोलले नाहीत. मी मात्र मनातून खूश होतो. पैसे वाचले, आणि कसोटीचा दगड अजून आपल्या डोक्यात आहे याचाही आनंद होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात त्याचा प्रत्यय पुढच्या आठवड्यात आला. चिरंजीवांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. शाळेत भूमितीचे मास्तर होते. वय पंच्याऐंशीच्या घरात, पत्नी वारलेली. त्यांच्या गॅरेजात एक निळी कॉर्व्हेट आहे हे सगळ्यांना माहीत होते. पण तिची मागची काच अखंड, म्हणून ती १९६४ ची, असे चिरंजीवांनी कधीच ठरवून टाकले होते. आमच्या फसलेल्या सफरीची हकीकत कुंपणापाशी ऐकल्यावर मास्तर म्हणाले, "माझी १९६३ ची आहे. मुलीकडे राहायला जायचं आहे, तेव्हा द्यायचीच आहे. पण तुम्हाला चालणार नाही. पट्टी मी कापली."

आम्ही आत जाऊन कप्प्याखालचा क्रमांक पाहिला. पहिला आकडा ३.

मास्तरांनी ती गाडी १९६५ साली जुनीच घेतली होती. बायको तेव्हा गाडी शिकत होती, ठेंगणी होती. उशी घेऊन बसली तरी मागे बघताना मधली पट्टी आड यायची. १९६६ साली एका संध्याकाळी गाडी मागे घेताना तिने शेजारच्या मुलाच्या तीनचाकी सायकलचा चुरा केला. मूल घरात होते. पण तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा गाडीला हात लावीना. पुढच्या शनिवारी मास्तरांनी करवत घेऊन पट्टी कापली, १९६४ ची अखंड काच आणून बसवली आणि किल्ली परत तिच्या हातात दिली. त्यानंतर ती चाळीस वर्षे चालवत होती.

असे करणारे मास्तर एकटे नव्हेत. जुनी गाडी नव्या सालासारखी दिसावी म्हणूनही त्या काळी कित्येकांनी पट्ट्या कापल्या. तेव्हा ती निव्वळ अडचण होती. आज प्रत्येक कापलेली पट्टी उरलेल्यांचा भाव वाढवते.

"कुणी सुचवलं होतं," मास्तर म्हणाले, "नवी पट्टी विकत मिळते, ती बसवा, रंग मारा, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, मला कळेल की."

मग ते गॅरेजाच्या मागच्या भिंतीशी गेले आणि जुन्या घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. आत त्या मूळच्या दोन काचा होत्या. एकीलाही तडा नव्हता. साठ वर्षे का ठेवल्या, असे मी विचारले. "चांगल्या काचा कोण फेकतं?" ते म्हणाले. भूमितीच्या मास्तरांनी याहून जास्त भावना दाखवली नाही.

तोच परीक्षक पुन्हा आला. इंजिनावरच्या रेघा शाबूत, क्रमांक जुळणारा, ठोकळ्याची तारीख आधीची, जुळणीची नंतरची, गाडी त्याच्याही नंतरची. सगळा वंशवृक्ष ओळीत. फायबरग्लास गंजत नाही, पण आत बसायच्या जागेभोवती पोलादी पिंजरा असतो आणि तो गुपचूप गंजतो. तोही त्याने विजेरीने तपासला. बरा होता. मग त्याने अखंड काचेसाठी किमतीतून मोठी रक्कम वजा केली आणि शेवटी म्हणाला, "हिच्यातलं उणं काय ते मला मालकानंच सांगितलं. बाकीच्या गाड्यांचं मला शोधावं लागतं."

व्यवहार झाला. व्यापाऱ्याने सांगितलेल्या रकमेच्या जवळपासही जावे लागले नाही. चिरंजीवांच्या गाठीला थोडे उरलेदेखील. मास्तरांनी किल्ली दिली, काचांची घोंगडी दिली आणि मागे वळून न बघता घरात गेले. चिरंजीवांनी मला विचारले, "बाबा, पट्टी परत बसवू का? भाव वाढेल." पस्तीस वर्षे लोकांना भाव सांगणारा मी, मला उत्तर सुचेना. तेवढ्यात सूनबाई गाडी मागे घेत अंगणातून बाहेर काढत होत्या. त्या खिडकीतून ओरडल्या, "मागचं किती छान दिसतंय हो!" तो विषय तेवढ्यावरच राहिला.

आता आमच्या घरातली हकीकत. १९९३ साली चिरंजीवांना इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि फीला पैसे कमी पडले. माझ्या आईने सुनेला दिलेली जुनी पुतळ्यांची माळ कपाटात होती. ती मी मोडली. सौभाग्यवती तेव्हा एवढेच म्हणाल्या, "सासूबाईंची होती." त्यावर मी वडिलांचे वाक्य म्हणून दाखवले होते. सोन्याचे पैसे आले, फी भरली, मुलगा शिकला, अमेरिकेला गेला. त्या हिशेबात मला कधी चूक दिसली नाही. पण मास्तरांच्या घोंगडीतल्या काचा पाहिल्यापासून ती माळ डोळ्यांपुढून हलेना. त्या रात्री मी हिला म्हटले, "ती माळ तशीच राहायला हवी होती."

"फी कुठून भरली असतीत?" ही म्हणाली. "मोडली ते बरंच केलंत." मग जरा थांबून म्हणाली, "एक काढून ठेवली होती मी. तुम्ही वजन करायच्या आधी. देवघरात, कुंकवाच्या करंड्याखाली आहे."

तीस वर्षे मी रोज त्या देवघरापुढे हात जोडत होतो, आणि वजनात एक पुतळी कमी भरल्याचे सराफी घराण्यातल्या या पारख्याला कळले नव्हते.

"घरी गेल्यावर बघू," मी म्हटले. "कस किती आहे तो—"

"काही नको," ही म्हणाली. "तुम्ही तिला दगड लावायचा नाही."